देश विकायला काढताना

पूल, मनोरे, ताजमहाल विकणारे किरकोळ दुकानदार. मोठा धंदा करायचा असेल तर ग्रेगर मॅकग्रेगर या स्कॉटिश सेनानीचा कित्ता गिरवा आणि अख्खा देश विकायला काढा.

आधी थोडं खरं काहीतरी पदरात पाडून घ्या. त्यांनी 1820 मध्ये मॉस्किटो किनाऱ्याच्या राजाकडून, आजच्या होंडुरासमधल्या सुमारे 80 लाख एकर जंगलाचा कागद मिळवला. त्याचं नाव ठेवलं पोयाइस, आणि स्वतः झाले तिथले ‘काझिक’, म्हणजे राजेच.

थापेत तपशील भरपूर हवा. एका बनावट कॅप्टनच्या नावाने साडेतीनशेच्या वर पानांची माहितीपुस्तिका काढा. वर्षाला मक्याची तीन पिकं, नद्यांत सोनं, राजधानीत ऑपेरागृह! बाकीचा मजकूर जुन्या पुस्तकांतून उचला. इतकी पानं कोणी खोटं लिहील, असं कोणाच्या मनात येत नाही.

सुरुवात आपल्याच माणसांपासून करा. 1698 साली पनामात वसवलेली डेरिएनची स्कॉटिश वसाहत बुडाल्याची सल स्कॉटिश मनात होतीच; ‘आमचे पूर्वजही तिथे होते’ एवढं म्हटलं की पुरे. जमीन एकरी 2 शिलिंग 3 पेन्सने काढा आणि भाव 4 शिलिंगांपर्यंत चढवत न्या, म्हणजे गिऱ्हाईक घाई करतं. मोच्याला राजकन्येचा खास मोची नेमा. तिथे वसायला जाणाऱ्यांचे पौंड घेऊन त्यांना पोयाइसचे डॉलर द्या. नोटा मात्र बँक ऑफ स्कॉटलंडच्या छपाईवाल्याकडूनच छापून घ्या.

मोठी रक्कम अर्थात रोख्यांत. कोलंबिया, चिली, पेरू यांची कर्जं लंडनच्या बाजारात हातोहात खपत होती, तेव्हा ऑक्टोबर 1822 मध्ये यांनीही 2 लाख पौंडांचे रोखे काढले. व्याज 6 टक्के, 100चा रोखा 80ला. नकाशा कोण बघतो?

त्यांची चूक एकच, गिऱ्हाइकांना माल बघायला धाडलं. दोन जहाजांतून अडीचशेच्या आसपास माणसं गेली. बंदर नाही, राजधानी नाही, पावसाळा तोंडावर. हिवताप आणि पीतज्वराने निदान 180 दगावली. उरलेल्यांना बेलीझहून आलेल्या जहाजाने सोडवलं.

तरी घाबरू नका. परतलेल्यांतल्या काहींनी दोष हाताखालच्यांवर टाकला. स्वतःची दोन मुलं गमावलेल्या एकाने तर काझिकांच्या बाजूने पुस्तक छापलं. तोवर तुम्ही पॅरिसमध्ये तोच माल मांडलेला असावा. तिथल्या कोर्टाने 1826 मध्ये त्यांना निर्दोष सोडलं.

म्हातारपणाचीही सोय बघून ठेवा. व्हेनेझुएलाने 1838 नंतर त्यांना जनरलचा हुद्दा आणि पेन्शन दिलं, 1845 मध्ये काराकासच्या कॅथेड्रलमध्ये सन्मानाने पुरलं. तेव्हा तरुणपणी एखाद्या खऱ्या स्वातंत्र्ययुद्धात थोडंफार लढून घ्या.