राग ठीक, पण लयीचं काय?
राग ऐकून शांत होण्याविषयीचा लेख वाचला. त्यातलं ‘दरबारी ऐका, मज्जासंस्था शांत होईल’ हे वाक्य फारच सरधोपट वाटलं. दरबारी रागातला विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल आणि त्याच रागातला द्रुत, म्हणजे जलद लयीतला तराणा, दोन्हींनी नाडी सारखीच कशी मंदावेल? इटलीचे संशोधक लुचानो बर्नार्डी यांनी २४ जणांवर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संगीताच्या प्रकारापेक्षा लय महत्त्वाची ठरली. लय वाढली की श्वास, नाडी, रक्तदाबही वाढले. आणि गंमत म्हणजे मध्ये सोडलेल्या २ मिनिटांच्या शांततेत माणसं जास्त सैलावली. त्या शांततेबद्दल लेखात अवाक्षर नाही!

मी डोंबिवलीहून फास्ट लोकलमध्ये हेडफोन लावून बासरी ऐकायचो. गाडीचा खडखडाट दाबायला आवाज वाढवत वाढवत घाटकोपरपर्यंत शेवटच्या टोकाला. दादरला उतरताना कपाळ ठणकत असे, दोष मात्र बासरीवाल्याला! आता रात्री घरी तानपुरा लावतो, अगदी बारीक आवाजात, दहा मिनिटं. मग तोही बंद. नुसता पंखा फिरत असतो आणि लांबून एखादी मालगाडी जाते.