पाच स्टारची गाडी ठाण्यात कशी वापरावी

गाडी पाच स्टारवालीच घ्या, म्हणजे आपटून पाहिल्यावर सुरक्षेत पाचपैकी पाच स्टार मिळालेली. याबाबतीत तडजोड नको. उद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी विचारलं, 'किती स्टार?' आणि तुम्हाला 'तीन' म्हणावं लागलं, तर पुढच्या जनरल बॉडी मीटिंगला कुठल्या तोंडाने जाणार?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला छोटी एसयूव्ही लागतेच. चार मीटरच्या आतली आणि इंजिनही मर्यादेतलं, म्हणजे जीएसटी 18 टक्क्यांत भागतो. मोठी घेतली की 40. आणि एसयूव्ही एवढ्यासाठी, की कासारवडवलीच्या खड्ड्यातून जाताना आपण निदान उंचावरून जातोय असं वाटतं. टपावर दोन रेल असतात. त्यांना कोणी काही बांधलेलं मी अजून पाहिलेलं नाही, पण असाव्यात.

शोरूममधला मुलगा 'सर, फाइव्ह स्टार' म्हणाला की मान डोलवा. कोणी दिले, कोणत्या साली दिले, असले प्रश्न विचारून त्याला अडचणीत आणू नका. साल तर विचारूच नका. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या ब्रिटनमधल्या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा पाचही शून्यावर बाद झाल्या होत्या. 2018 च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉन ही भारतात बनलेली पहिली पाच स्टारची गाडी ठरली. मोठ्यांसाठी पाच, मुलांसाठी तीन. त्यातलं 'पाच' सगळ्यांना पाठ आहे. 'तीन' आठवणारा माणूस मला अजून भेटायचाय. 2022 मध्ये ग्लोबल एनकॅपने परीक्षा कडक केली, 1 ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. म्हणजे जुने पाच आणि नवे पाच एका तागडीत घालता येत नाहीत. पण सेकंडहँड गाडी बघायला गेल्यावर हे बोललात तर समोरचा चहासुद्धा विचारणार नाही.

आता भारत एनकॅपचे स्टार मिळतात कसे तेही सांगतो, म्हणजे विसरायला काहीतरी हाताशी असेल.

गाडी ताशी 64 किलोमीटरने नेऊन एका अडथळ्यावर आपटतात. अडथळा ॲल्युमिनियमच्या जाळीचा, दबणारा. आणि धडक पूर्ण तोंडावर नाही, ड्रायव्हरच्या बाजूच्या 40 टक्के रुंदीवर. दोन सारख्या गाड्या समोरासमोर येऊन अर्धवट भिडतात, त्याची ही नक्कल. मग 50 च्या वेगाने एक ट्रॉली बाजूने येऊन धडकते. वरचे स्टार हवे असतील तर गाडीला 29 च्या वेगाने आडवी खांबावरही घालतात. मोठ्यांच्या सुरक्षेचे 32 गुण, मुलांच्या सुरक्षेचे 49. पाच स्टारला मोठ्यांत 27 आणि मुलांत 41 लागतात. एरवी पोराने 32 पैकी 27 आणले तर 'उरलेले पाच कुठे गेले?' असं खडसावणारे आईबाप इथे 27 वर पेढे वाटतात.

गायमुख घाटात टेललाइट न लावता उभा असलेला कंटेनर या अभ्यासक्रमात नाही. उलट्या बाजूने येणारा डंपर नाही. सर्व्हिस रोडवरून डोक्यावर गॅसचा सिलिंडर आणि मांडीवर मुलगी घेऊन राँग साइड येणारी स्कूटर नाही. तेव्हा त्यांच्याशी टक्कर झालीच, तर प्रश्न सिलॅबसबाहेरचा होता असं म्हणता येईल.

या सगळ्या परीक्षेला तुमच्या जागी एक डमी बसलेला असतो. खरं तर पाच स्टारमधला मोठा वाटा त्याचाच. त्याने बेल्ट लावलेला असतो. पाठ सीटला टेकलेली असते. तो डॅशबोर्डवर पाय टाकून बसत नाही, मागे वळून मुलांना ओरडत नाही, सिग्नल सुटल्यावर वडापावाची चटणी पँटवरून पुसत नाही. आणि मुख्य म्हणजे 'आपल्याला कुठे लांब जायचंय' असं त्याला वाटत नाही. बिचाऱ्याला मतंच नसतात. आपल्याला असतात, म्हणून आपण बेल्ट लावत नाही.

एअरबॅग आहे ना, मग बेल्ट कशाला, हे मत तर फार लोकप्रिय आहे. ते जपा. एअरबॅग बेल्टच्या जोडीला म्हणून केलेली असते. बेल्टने धरून ठेवलेल्या माणसाचं डोकं आणि छाती झेलायची, एवढंच तिचं काम. मोकळा सुटलेला माणूस पुढे उडून नेमका फुगत असलेल्या पिशवीवर जाऊन आदळतो, आणि ती पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगत असते. असल्या बारीकसारीक गोष्टीत शिरू नका. पिशव्या किती, एवढं मोजा. सहा असतील तर सहा म्हणा, सातवी गुडघ्याची असेल तर पार्टी द्या.

बेल्ट न लावल्यावर गाडी शिट्टी मारते, हा एकच त्रास. त्यावर पूर्वी छान उपाय होता, बकलमध्ये खोचायची छोटी क्लिप. गाडीला वाटायचं, साहेब बांधलेले आहेत. ऑनलाइन सर्रास मिळायच्या. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांवर बडगा उगारला आणि अशा क्लिपांच्या 13,118 जाहिराती उतरवायला लावल्या. आपल्या लोकांत उद्यमशीलता नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा फ्रेम करून लावावा. लाखो रुपये देऊन सुरक्षा विकत घ्यायची आणि शंभर-दोनशे रुपयांत ती बंद करायची! एवढा किफायतशीर सौदा तर मंडईतही होत नाही. क्लिप नाही मिळाली तर बेल्ट सीटच्या पाठीमागून घेऊन अडकवा आणि त्याच्यापुढे ऐसपैस बसा. तीन हात नाक्याला पोलीस दिसला की बेल्ट हाताने छातीवर ओढून धरायचा, नाका ओलांडला की सोडायचा. हजार रुपयांचा दंड वाचतो. ठाण्यात बेल्ट अपघातासाठी थोडाच असतो, तो कॅडबरी जंक्शन ते तीन हात नाका एवढ्या पट्ट्यासाठी असतो.

मागच्या सीटवर तर बेल्ट लावूच नये. कायदा मागच्यांनाही लागू आहे, पण 'का रे, माझ्या ड्रायव्हिंगवर विश्वास नाही का?' या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. 2022 च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर आठवडाभर आख्खं ठाणं मागे बसून बेल्ट शोधत होतं. अनेकांना सापडलेही. सीट कव्हरच्या खाली होते.

सीट कव्हरवरून आठवलं. गाडी हातात आली की पहिल्याच रविवारी ॲक्सेसरीजवाल्याकडे न्या. पुढच्या सीटच्या कडेला शिवणीजवळ 'एअरबॅग' असं लिहिलेली चिंधी असेल, ती आत ढकलायला सांगा. नाहीतर जाड कव्हराची फिटिंग बिघडते. बाजूची एअरबॅग त्याच शिवणीतून फाटून बाहेर येणार असते. तुमच्या डबल शिलाईच्या कव्हरातून ती येऊ शकली नाही तर त्यात तुमचा दोष नाही, शिलाईची क्वालिटी चांगली, एवढंच.

याच ठिकाणी तुम्हाला एक काका भेटतील. प्रत्येक कुटुंबात ते असतात, बहुधा आईकडून. ते दारावर बोटाने टकटक करतील आणि तोंड वाकडं करतील. 'पत्रा नाही राहिला पूर्वीचा. आमच्या फियाटला मागून बेस्टची बस लागली होती, बसचा बंपर बदलावा लागला.' काकांना सुरक्षेतलं सगळं कळतं, कारण त्यांना पत्र्यातलं कळतं. आता, गाडीचा पुढचा भाग चुरगळण्यासाठीच केलेला असतो. धडकेची ऊर्जा बॉनेटने आणि त्याखालच्या पट्ट्यांनी खायची, आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत ठेवायचा. चाचणीच्या अहवालात सांगाडा स्थिर आहे की अस्थिर, असा वेगळा शेरा असतो तो यासाठीच. पत्रा बोटाने दबतो की नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण हे काकांना समजावू नका. बोलणी फिसकटतात, आणि डाउन पेमेंटमध्ये त्यांचे काही पैसे असण्याची शक्यता आहे. त्यापेक्षा त्यांच्या सल्ल्याने पुढे बंपरवर बुल बार, म्हणजे लोखंडी दांड्यांचा कठडा, बसवून घ्या. केंद्र सरकारने 2017 मध्येच त्यावर बंदी घालायला सांगितलं आहे, म्हणून थोडं आतल्या गल्लीत बसवावं लागतं, इतकंच. बुल बार बसला की धक्का चुरगळणाऱ्या भागाला टाळून सरळ सांगाड्यात जातो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही चुकू शकतं. बॉनेट मात्र शोरूममधून आणलं तसं राहतं. रुग्णवाहिकेतून बघितलं तरी समाधान वाटावं असं.

डॅशबोर्डवर डाव्या बाजूला मोठी गुळगुळीत मोकळी जागा दिसेल. तिथे बाप्पांची स्थापना करा. पितळी असतील तर उत्तम, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने पक्के बसवा. त्या जागेवर कोरलेली अक्षरं आसनाखाली झाकली जातात. एअरबॅगचं झाकण तिथेच उघडतं, त्यामुळे वेळ आलीच तर सगळ्यात आधी बाप्पा निघतील, आणि निघतील ते शेजारी बसलेल्या वहिनींच्या दिशेने. गणपतीवर माझी श्रद्धा आहे. त्यांना आपण तोफेच्या तोंडावर बसवलंय हे त्यांनाही एव्हाना कळलं असेल.

आता मुलं. ज्या 49 गुणांच्या जोरावर तुम्ही व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं, ते गुण दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचे दोन डमी चाइल्ड सीटमध्ये बांधून बसवल्यावर मिळालेले असतात. त्यातले 24 प्रत्यक्ष धडकेचे, 12 चाइल्ड सीट नीट बसते का त्याचे, 13 गाडीतल्या सोयींचे. आजीच्या मांडीसाठी एकही गुण ठेवलेला नाही. परीक्षकांना आजी नसाव्यात. चाइल्ड सीट गाडीबरोबर येत नाही, वेगळी घ्यावी लागते, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही, कारण तेवढ्यात अलॉय व्हीलची गोष्ट निघते. मागच्या सीटच्या फटीत बोट घातलंत तर दोन लोखंडी कड्या लागतील. त्या आयसोफिक्सच्या, चाइल्ड सीट अडकवायच्या. आपल्याकडे त्यात वेफर्स साठतात.

सीट घेऊच नका. एक तर मूल रडतं. दुसरं म्हणजे सासूबाई म्हणतात, 'आम्ही चार पोरं मांडीवर वाढवली.' खरंच वाढवली. ती एसटीच्या गर्दीत आणि ताशी तिसाच्या वेगाने. 64 च्या वेगातली गाडी एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर दहा किलोचं नातवंड तेवढ्या क्षणापुरतं सुमारे 180 किलोचं होतं. आजी मनाने कितीही खंबीर असली तरी गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय तिचं. दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर 64 चा वेग म्हणजे साधारण 16 मीटरवरून, पाचव्या मजल्यावरून, खाली पडताना जो वेग येतो तो. आपल्या पाचव्या मजल्याच्या गॅलरीला आपण मुलासाठी ग्रिल बसवतो, वर जाळी, वर कबुतरांची जाळी. गाडीत मात्र काच खाली करून देतो, हवा लागावी म्हणून.

हवा कमी पडली तर सनरूफ आहेच. त्याच्यासाठीच तर टॉप मॉडेल घेतलं, जास्तीचे लाख-सव्वा लाख मोजून. मूल मधोमध उभं करा, कंबरेपर्यंत बाहेर काढा, पाम बीच रोडवर न्या. नवी मुंबईचा मोकळा रस्ता, खाडीचा वारा, मागून येणारे लोक कौतुकाने बघतात. हसतात ते मुलाकडे बघून असं समजा. मध्ये एखादं कुत्रं आडवं आलं आणि ब्रेक दाबावा लागला, तर मूल कुठे जाईल हे कोणत्याच एनकॅपने तपासलेलं नाही. तशी चाचणी सुचवायची हिंमत बहुधा कोणाला झाली नसावी.

तुम्ही म्हणाल, पण घोडबंदरला 64 चा वेग मिळतो कुठे? मेट्रोची कामं, मानपाड्याचा सिग्नल, पाऊस पडला की कापूरबावडीपासून रांग. बरोबर आहे; ठाण्यातली सर्वात मोठी सुरक्षा यंत्रणा ट्रॅफिकच आहे आणि ती सर्व व्हेरिएंटमध्ये मोफत मिळते. पण आता भिवंडीपलीकडच्या आमण्याला समृद्धी महामार्ग लागतो, नागपूरपर्यंत 701 किलोमीटर, गाड्यांना 120 ची परवानगी. तिथे आठवड्याचा सगळा राग काढा. 80 ओलांडले की गाडी मधून मधून टोकते, 120 नंतर सतत कोकलते. गाण्याचा आवाज वाढवा. वेग 64 चा 120 झाला की धडकेची ऊर्जा दुप्पट नाही, साडेतीन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. पण स्टार काही कमी होत नाहीत. काचेवरच्या स्टिकरवर तेव्हाही पाचच असतात, त्यामुळे निर्धास्त राहा.

चार-पाच वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा जाहिरात नीट लिहा, गिऱ्हाईक त्यावर जातं. फाइव्ह स्टार सेफ्टी. सिंगल ओनर, एमएच 04. बुल बार, जाड सीट कव्हर, सनरूफ, सगळं टॉपचं. चाइल्ड सीट भेट मिळालेली, खोकं फोडलेलं नाही. मागचे तिन्ही बेल्ट एकदम कोरे.