नुवोलारीचा विजय नुसत्या नशिबाचा नव्हता

लेख आवडला, पण इटालियन चालक नुवोलारीने जिंकलेल्या १९३५ च्या जर्मन ग्रांप्री या मोटारशर्यतीबद्दल 'ब्राउखिचचा टायर फुटला म्हणून नुवोलारी जिंकला' एवढंच लिहून पुढे जाणं मला पटलं नाही. सर्वांत पुढे असलेल्या मर्सिडीजच्या ब्राउखिचचा टायर फुटला हे खरं, तोही शेवटच्या फेरीत. पण तो का फुटला? मागून नुवोलारी फेरीगणिक अंतर कापत येत होता, म्हणून ब्राउखिचला गाडी पिटाळावी लागली आणि झिजलेल्या टायरनी दम तोडला.

त्याआधीचा प्रसंग तर लेखात हवाच होता. नुवोलारी पेट्रोल भरायला थांबला आणि नेमका पंप बिघडला. मेकॅनिकांनी डबे उचलून हाताने पेट्रोल ओतलं. त्यात २ मिनिटं १४ सेकंद गेली, आणि पहिल्या नंबरचा माणूस सहाव्यावर घसरला! शर्यत झाली त्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकची एक फेरी जवळपास २३ किलोमीटरची, नुसती वळणंच वळणं. तिथे जुन्या अल्फा रोमिओ गाडीतून, वयाच्या ४२व्या वर्षी, त्याने मर्सिडीज आणि ऑटो युनियन या जर्मन कंपन्यांच्या कितीतरी ताकदवान गाड्या एकेक करून गाठल्या. त्या गाड्यांच्या चालकांपैकी दुसरा आला श्टुक, तिसरा काराचिओला, चौथा रोझेमायर, आणि ब्राउखिच फाटक्या टायरवर पाचवा. या सगळ्यांना मागे टाकणं नुसत्या नशिबाने होत नाही हो.