बघून घेऊ

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, एचआर म्हणून दहा वर्षं काढली. अपघात झाला की मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघणार, ते मला पाठ झालंय: "आपलाच माणूस आहे, बघून घेऊ."

ऐकायला किती मायेचं! पण त्याचा अर्थ असा, की जवळच्या खासगी दवाखान्यात न्यायचं, बिल रोखीत भरायचं, घरच्यांच्या हातावर काही हजार टेकवायचे आणि ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याला, कळवायचंच नाही. कळवलं की चौकशी आली आणि चौकशीत मशीन आलं.

आमच्याकडच्या एका पोराचं सांगते. परभणीकडचा, पंचविशीतला, पगार १८,०००. रात्रपाळीत पॉवर प्रेसवर उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. त्या प्रेसला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येऊ नये म्हणून. त्यातल्या एका बटणावर रुपयाचं नाणं ठेवून वरून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. कुणी? कुणीच नाही. आमच्याकडे अशा टेपा आपोआप उगवतात.

मी मालकांपुढे कागदावर हिशोब मांडला. ईएसआयमध्ये कामावर इजा झाली की बरा होईपर्यंत रोजच्या पगाराच्या ९० टक्के मिळतात. आधी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत. पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. पुढे किती टक्के अपंगत्व आलं ते मेडिकल बोर्ड ठरवतं. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीची दोन पेरं गेली की कमाईची ताकद ११ टक्के गेली, असं धरलंय. त्याचा रोजचा पगार ६००, त्याच्या ९० टक्के म्हणजे दिवसाचा दर साधारण ५४० रुपये, त्याचे ११ टक्के म्हणजे रोजचे ५९ रुपये. महिन्याला पावणेदोन हजार. थोडे वाटतात ना? पण ते मरेपर्यंत मिळतात, नोकरी असो वा नसो. "बघून घेऊ" म्हणणारा माणूस एवढी वर्षं बघणार आहे का?

कुरकुरत का होईना, त्यांनी अपघाताच्या रिपोर्टवर सही केली.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते. चूक पुढे झाली, आणि ती माझीच. कागद वेळेवर गेले, पैसे सुरू झाले, पण त्या दोन-अडीच महिन्यांत त्याला एकही फोन केला नाही. तो फिट सर्टिफिकेट घेऊन आला, तेव्हा सुपरवायझरने सरळ त्याच लायनीवर उभा केला. फिट म्हणजे फिट! पहिला स्ट्रोक पडताच पोरगा दोन पावलं मागे सरकला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. "नखरे आहेत," सुपरवायझर म्हणाला.

मी म्हटलं, गेटवर बसवू या. तर तो पोरगाच म्हणतो, "मॅडम, गेटवर बसवलेल्याला पुढच्या महिन्यात काढतात." काय बोलणार? तशी पत्रं मीच टाइप केली होती.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार काढता येत नाही, हुद्दाही उतरवता येत नाही. तेच कलम खासगी कारखान्याला मात्र लागू नाही. का नाही, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

शेवटी त्याला क्वालिटीत, म्हणजे पार्ट तपासायच्या कामाला घेतलं. पहिले दोन दिवस मापाचा व्हर्नियर हातातून निसटायचा. मग मधल्या बोटाने जबडा सरकवायची सवय त्यानेच लावून घेतली. महिनाभरात तो बर (कडेला धारदार कंगोरा) आलेले पीस नुसत्या अंगठ्याने ओळखून बाजूला काढायला लागला. सात वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाला पार्ट कुठे बिघडतो ते कळतं, नवीन डिप्लोमावाल्याला नाही कळत. हे जर आम्हाला पहिल्या आठवड्यात सुचलं असतं, तर तो दवाखान्याच्या खाटेवर "आता आपलं काय" म्हणत पडला नसता.

ठेकेदाराकडच्या पोरांचं तर विचारूच नका. अपघात झाल्यावर त्याच दिवशी घाईघाईने ईएसआय कार्ड काढलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा २१,०००पर्यंत पगार असणाऱ्यांनी आजच स्लिप काढून बघा. ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जातायत का? जात असतील तर विमा क्रमांक मागून घ्या आणि घरी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. अपघाताच्या रात्री स्वतःचा फोन लॉकरमध्येच असतो.