माझ्याच प्रबंधात ओवी सापडेना

परवा एका विद्यार्थिनीचा फोन. "सर, तुमचा प्रबंध शोधगंगावर उघडलाय, पण 'ओवी' शोधलं तर एकदाही येत नाहीये." शोधगंगा म्हणजे देशभरच्या विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह. आणि माझा विषयच जात्यावरच्या ओव्या! ३१२ पानं लिहिलीत. म्हटलं, तुझंच काहीतरी चुकत असणार. लॅपटॉपवर स्वतः बघितलं, तर खरंच शून्य. एक ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केली, तर इंग्रजी अक्षरं, टक्के, डॉलर आणि उलटेसुलटे कंस यांची मिसळ. दिसायला देवनागरी, आत भलताच कारभार. २०११ साली डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटात टाइप करून घेतला होता. युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला अक्षरं ओळखता येतील अशी सामाईक पद्धत, हा शब्द त्यानेही काढला नाही आणि मीही नाही. तेव्हा दोष माझाच.

आमच्या विभागात दर महिन्याला कुणीतरी म्हणतंच, "आता विद्यापीठाला ग्रंथालय कशाला? सगळं मोबाइलवर आहे." त्यांना हल्ली मी ही गोष्ट ऐकवतो.

सगळं आहे, पण कोणासाठी? सरकारी संस्थांना संशोधन नियतकालिकं खुली करणारी केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना २०२५ पासून सुरू झाली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांचे ६,००० कोटी. रसायनशास्त्रातले मित्र खूश आहेत, आणि असायलाच हवेत. एकेका लेखासाठी त्यांनी परदेशातल्या ओळखीपाळखी काढलेल्या मी बघितल्यात. पण माझं सामान त्या यादीत कुठून येणार? ते आहे बाइंडिंग सुटलेल्या जुन्या अंकांत, १८६७ ते १९३७ चाललेल्या 'विविधज्ञानविस्तार' मासिकाच्या खंडांत, गावोगावच्या प्राध्यापकांनी लिहिलेल्या प्रबंधांत. ते आपल्यासाठी कुठलाही परदेशी प्रकाशक नीट करून देणार नाही. दिलंच, तर वर्गणी मागेल.

शोधगंगाबद्दल माझी तक्रार नाही, उलट अभिमान आहे. ती चालवणारं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारं केंद्र आज गांधीनगरला असलं तरी सुरू झालं १९९१ साली, पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या छत्राखाली. पण तिथे चढतं ते विद्यापीठ पाठवेल तेच. प्रबंध पाठवताना त्यातली मराठी यंत्राला वाचता येते का, हे बघणारं माणूस ग्रंथालयातच हवं. वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल आता बहुतेक ठिकाणी तिथूनच मिळतो. आत डॉलर आणि कंस असलेला प्रबंध त्या तपासणीतून किती शुद्ध निघत असेल, याचा विचार करून बघा!

मी संशोधन करत होतो तेव्हा काउंटरवर तात्या असायचे. पद परिचराचं. कार्डांचा खण उघडायच्या आत विचारायचे, "कशावर काम चाललंय?" मग, "ते पुस्तक बाहेर आहे, पण ज्यांच्याकडे आहे ते सर तीनला कँटीनला येतात. जाऊन भेटा." माझ्या प्रबंधातली दोन प्रकरणं त्या कँटीनच्या टेबलावर सुचली. वेब ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची ऑनलाइन सूची, मला पुस्तक 'इश्यूड' आहे एवढंच सांगते.

तात्या निवृत्त झाले, जागा भरली नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयाचं 'ज्ञान स्रोत केंद्र' झालं आणि प्रमुख झाले संचालक. पाटी मोठी झाली, हात कमी झाले. रीडिंग हॉलमध्ये सकाळी आठलाच स्पर्धा परीक्षावाल्यांच्या पिशव्या खुर्च्या अडवून बसलेल्या असतात. (त्यावरून नाक मुरडणाऱ्यांनी दहा बाय दहाच्या खोलीत चौघांबरोबर राहून अभ्यास करून दाखवावा.)

आहेत त्या सहायक ग्रंथपाल मॅडम मात्र वेगळंच काम करताना दिसतात. एम.ए.च्या एका मुलाने एआयकडून लोकसाहित्यावरची संदर्भसूची आणली होती. मॅडमनी एकेक नोंद तपासली. नऊपैकी पाच पुस्तकं जन्मालाच आलेली नव्हती. लेखकांची नावं खरी, पुस्तकं हवेतली. तो ओशाळला. मॅडम रागावल्या नाहीत, त्याला कपाटापाशी घेऊन गेल्या. मला त्याचं नवल वाटलं नाही. माझ्यासारख्यांचे प्रबंध कुलूपबंद असतील तर त्या यंत्राने तरी वाचायचं काय? मग ते मनचंच सांगणार. ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली वाचकाचा वेळ वाचवा असं सांगितलं. मॅडमनी त्या दिवशी त्याचे निदान दोन महिने वाचवले.

त्यांच्यापुढेच मी माझी फाइल ठेवली. कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये आणली, पण रफार भलत्या अक्षरावर, ऱ्हस्व वेलांट्या एक घर पुढे, आणि 'जात्यावर'चं प्रत्येक वेळी नवीन काहीतरी. हाताने दुरुस्त करण्यावाचून इलाज नाही. आता रोज दुपारी ती विद्यार्थिनी आणि मी संगणक कक्षातल्या कोपऱ्यात बसतो. ती वाचते, मी सुधारतो. माझीच तेव्हाची काही वाक्यं वाचताना लाज वाटते, पण तिच्यासमोर बदलता येत नाहीत.

काल चाळीस पानं झाली. तिने 'ओवी' टाइप केलं आणि एंटर दाबलं. तेवीस वेळा.