खुलासा: कॅनडातल्या विनिपेगमध्ये सगळ्यांनी नळ सोडून ठेवायची गरज नाही

"विनिपेगकरांनो, रात्रभर नळ चालू ठेवा, बिल महापालिका माफ करते" हा मेसेज मीही परवा दोन ग्रुपांवर ढकलला होता. चूक माझीच. नंतर शहराच्या पाणी खात्याची सूचना नीट वाचली.

नळ सतत चालू ठेवायला शहर सांगतं ते ज्यांची जमिनीखालची पाण्याची लाइन थंडीत गोठण्याचा धोका आहे अशाच घरांना, आणि तसं त्यांना कळवलं जातं. बिलातली सवलतही त्यांच्यासाठीच. बाकीच्यांनी पाणी सोडलं तर भुर्दंड आपल्यालाच. २०१४ मध्ये गोठण (थंडीने गोठलेला जमिनीचा थर) दोन मीटरहून खोल गेली, तेव्हा हजारो घरांना अशी सूचना मिळाली होती. मेसेजचं मूळ बहुधा तिथेच असावं.

"ऊन पडलं की धोका संपला" हेही खरं नाही. हवा तापली तरी गोठण जमिनीत खाली सरकत राहते, म्हणून मार्च-एप्रिलमध्येही लाइन गोठते. (पहिल्या वर्षी मला हे अजिबात पटलं नव्हतं.)

घरातले सगळेच नळ बंद पडले तर ३११ ला (शहराचा मदत क्रमांक) फोन करा. पाइपला आगीची ज्योत लावू नका.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.