नौका कुठे बुडता बुडता वाचली, हे छापणारी मासिके

शीडनौका चालवायला नुकतेच शिकलेले दोन तरुण गेल्या महिन्यात घरी आले होते. परदेशी नौकानयन मासिकांपैकी वर्गणी भरून घेण्याजोगे कोणते, असे त्यांनी मला विचारले. तेव्हा घाईघाईत दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी ही मासिके वाचत आलो. सुरुवातीचे बहुतेक अंक फोर्टच्या पदपथावर रद्दीच्या भावाने घेतलेले होते, तर काही बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्रांनी आणून दिले होते. एवढ्या वाचनातून माझ्यापुरती एक कसोटी तयार झाली आहे. समुद्रावर काय बिघडले, कोणाच्या चुकीने बिघडले आणि त्यातून नौका कशी परत आणली, हे जे मासिक नाव घेऊन आणि तपशिलासह छापते, ते घ्यावे. निळ्या पाण्यावर पांढरी शिडे एवढेच ज्यात असते, ते वाचनालयात चाळले तरी पुरते.

या कसोटीवर माझ्या मते सर्वांत वर राहते ते ब्रिटनचे ‘यॉटिंग मंथली’. १९०६ साली सुरू झालेल्या या मासिकात वाचक स्वतःच्या चुका स्वतःच सांगतात. भरतीची वेळ चुकीची वाचली, नांगराला साखळी कमी सोडली, रात्री दिवा ओळखण्यात घोटाळा झाला, असे सारे त्यात येते आणि त्याबद्दल कोणी कोणाला हिणवत नाही. २०११ साली तर त्यांनी ‘सन फिझ’ जातीची एक जुनी ४० फुटी नौका घेतली आणि ती टप्प्याटप्प्याने मोडली. तिला मुद्दाम जमिनीवर चढवले, उलटवले, तिची डोलकाठी पाडली, तळाला भोक पाडून ते आतून कशाकशाने बुजवता येते ते पाहिले, आत आग लावली आणि शेवटी स्वयंपाकाच्या गॅसचा स्फोट घडवला. गॅसची गळती झाली तर हवेपेक्षा जड असलेला हा वायू नौकेच्या तळाशी साचून राहतो, हे वाक्य मी शंभर वेळा वाचले होते. पण स्फोटानंतरचे त्या नौकेचे छायाचित्र पाहिल्यापासून सिलिंडरची चावी बंद केल्याशिवाय मी कधीही झोपलेलो नाही.

याच मासिकाचे जवळपास ४० वर्षे संपादक राहिलेले मॉरिस ग्रिफिथ्स यांच्याबद्दल आपल्याकडच्या माणसांनी जाणून घ्यायला हवे. ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे, म्हणजे खाड्या, चिखल आणि ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या पात्रांच्या मुलखातले. त्यामुळे खोल पाण्यातल्या भारी नौकांपेक्षा थोड्या पाण्यात चालणाऱ्या आणि ओहोटीला चिखलात सरळ बसणाऱ्या लहान नौकांचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. ‘इव्हेंटाइड’ ही प्लायवूडची नौका त्यांनी आखली, तीसुद्धा सामान्य माणसाला घरामागच्या अंगणात बांधता यावी म्हणून. धरमतरच्या किंवा रेवदंड्याच्या खाडीत ओहोटीला अडकून पुढच्या भरतीची वाट पाहत बसलेल्या कोणालाही ग्रिफिथ्स यांचे लेखन आपल्याच गावच्या माणसाचे वाटेल, इतके ते जवळचे आहे.

‘प्रॅक्टिकल बोट ओनर’ १९६७ सालचे. त्याला देखणेपण कमी आहे, पण डिझेल इंजिनात हवा शिरली तर ती काढायची कशी, विजेची तार खाऱ्या हवेत कुठून कुजते, शिडाची उसवलेली शिवण हाताने कशी घालायची, हे ज्याला स्वतः करायचे आहे त्याने हेच घ्यावे. मी तरी माझ्या नौकेची निम्मी दुरुस्ती या मासिकाचा अंक शेजारी उघडा ठेवून केलेली आहे.

आता जाहिरातींविषयी लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका गुळगुळीत कागदाच्या मासिकातले, ज्याचे नाव मी इथे घेणार नाही, भरभरून केलेले कौतुक वाचून मी डेकच्या फटींसाठी एक महागडे सीलंट मागवले. मुंबईच्या एकाच उन्हाळ्यात ते काठांपासून सुटले आणि जूनच्या पहिल्या पावसात आतली गादी भिजली. नंतर तो अंक पुन्हा उघडला, तेव्हा परीक्षणाच्या पुढच्याच पानावर त्या उत्पादनाची पूर्ण पान जाहिरात असल्याचे लक्षात आले. ‘प्रॅक्टिकल सेलर’ या अमेरिकी नियतकालिकाचे मोल मला त्या दिवशी खरे कळले. १९७४ साली सुरू झालेले हे नियतकालिक नौका-सामानाच्या उत्पादकांच्या जाहिराती न घेता वाचकांच्या वर्गणीवर चालत आले आहे. नौकेच्या तळाला लावायचे रंग ते पट्ट्यांवर लावून महिनोन्‌महिने समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि कोणत्या पट्टीवर किती शेवाळ आणि शिंपले चढले हे पाहून मगच मत देतात. वर्गणी महाग वाटते खरी, पण एक चुकीचा डबा विकत घेण्याचे टळले तरी ती वसूल होते.

‘यॉटिंग वर्ल्ड’ १८९४ सालचे, दिसायला श्रीमंत, आणि त्यातल्या बऱ्याच नौका आपल्या आवाक्याबाहेरच्या. तरीही त्याला मी बाजूला सारत नाही. दर नोव्हेंबरात कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून सेंट लुशियाकडे अटलांटिक ओलांडणाऱ्या नौकांचा जो ताफा निघतो, त्याच्या कप्तानांना विचारून हे मासिक वाटेत काय काय मोडले याची पाहणी छापते. ती पाहणी वाचावी आणि बाकीचा अंक सावकाश पाहावा. शर्यतीच्या नौकांसाठी ‘सीहॉर्स’ उत्तम आहे, पण ते त्या विषयात मुरलेल्यांनाच पचते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातले ‘लॅटिट्यूड ३८’ १९७७ पासून फुकट वाटले जाते, आणि त्यातला वाचकांचा पत्रव्यवहार कित्येक महाग मासिकांतल्या लेखांपेक्षा सकस असतो.

‘वुडनबोट’बद्दल मात्र मला थोडे थांबून लिहायचे आहे. फायबरग्लासने लाकडी नौका जवळजवळ संपवत आणलेल्या काळात, १९७४ साली, जॉन विल्सन या नौका बांधणाऱ्या माणसाने अमेरिकेतल्या मेन राज्यात हे द्वैमासिक काढले. आपल्याकडे सागवानाची गलबते आणि मचवे बांधण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची असूनही फळीला फळी कशी बसवतात हे लिहून ठेवण्याची सवय आपल्याला कधी लागली नाही. ते ज्ञान मिस्त्रीबरोबर गेले. ‘वुडनबोट’ ते जोडणीच्या प्रत्येक खाचेसह चित्रांत मांडते.

मासिकांचा आणि मुंबईचा एक धागाही इथे सांगतो. ‘मोटर बोट’ या अमेरिकी मासिकाचे संपादक विल्यम नटिंग यांना नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या दोन्ही टोकांना निमुळत्या बचावनौकांचे वेड लागले, आणि त्या उत्साहातून विल्यम अॅटकिन यांनी त्याच घडणीची ३२ फुटी ‘एरिक’ आखली. नटिंग १९२४ साली ग्रीनलंडजवळ आपल्या नौकेसह बेपत्ता झाले. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी त्याच आराखड्यावरून मुंबईत सागवानाची ‘सुहेली’ बांधली गेली, आणि १९६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले माणूस ठरले. तिच्याच धर्तीची ‘थुरिया’ पुढे गोव्यात बांधली गेली आणि भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत तीच घेऊन उतरले.

ही मासिके वाचताना एक दुरुस्ती सतत करावी लागते. त्यांचे वर्ष आणि आपले वर्ष उलटे आहे. ते ऑक्टोबरात नौका किनाऱ्यावर ओढतात, आपण मेच्या अखेरीस. म्हणून त्यांचे हिवाळी देखभालीचे लेख मी जपून ठेवतो आणि वळवाच्या सुमारास काढतो. थंडीत गोठणाऱ्या पाण्याचा भाग वगळायचा आणि तिथे चार महिन्यांची दमट हवा, बुरशी आणि उधाणाचे पाणी घालायचे. आपल्या किनाऱ्यावर रात्री मैलोन्‌मैल पसरलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचा प्रश्न मात्र त्यात जवळपास येत नाही. जाळे नौकेच्या इंजिनाच्या पंख्यात अडकले तर काय करावे, हे मला कोणत्याही अंकातून मिळाले नाही. ते वरसोलीच्या एका तांडेलाकडून शिकलो, आणि त्यांनी सांगितलेले मी वहीत उतरवून ठेवले आहे.

त्या दोघांना माझे नेमके सांगणे असे: पहिल्या वर्षी दोघांत मिळून ‘यॉटिंग मंथली’ घ्या, दुसऱ्या वर्षी ‘प्रॅक्टिकल सेलर’. ‘वुडनबोट’चे जुने अंक आणि ती वही माझ्या कपाटात आहे, पावसाळ्यात नौका वर घेतल्या की कोणत्याही रविवारी या.